पत्र्याखालचा मणी

मे महिन्यात मराठवाड्यातला शहाणा माणूस दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी बांधून गपगार पडून राहतो. मी त्याच वेळी चिकलठाण्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, फी भरून, गॅसच्या ज्योतीपुढं बसतो. बाहेर ४३ अंश. ज्योतीत किती, ते विचारायचं धाडस होत नाही.

काचेचे मणी शिकतोय. शिकवणारे मामा जन्मभर कॉलेजांच्या प्रयोगशाळांतली काचेची उपकरणं दुरुस्त करायचे. मोडलेल्या ब्युरेटला त्यांनी जोडलेलं टोक ओळखू येत नसे म्हणतात. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मामा, पंखा?" मामा हसले. वाऱ्यानं ज्योत हलते, काच एका अंगानं गार पडते. म्हणून कूलर दाराबाहेर. त्याच्यापुढं शेडचं कुत्रं चारी पाय पसरून झोपलेलं असतं. शर्टही सुती लागतो, कारण नायलॉन पेटलं की अंगालाच चिकटतं.

काम ऐकायला सोपं आहे. स्टीलच्या सळईला पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, नाहीतर मणी सळईशी कायमचा संसार थाटतो. मग काचेची कांडी ज्योतीत धरायची, पण आधी कडेकडेनं, दमादमानं. एकदम घुसवली की टोक तडकतं आणि ठिकऱ्या उडतात. त्यातली एक माझ्या कॉलरमधून आत गेली, तेव्हा मी केलेला नाच पाहायला कुत्रंसुद्धा उठून आलं.

काच वितळली की खरी परीक्षा. डाव्या हातानं सळई फिरवत राहायची, उजव्यानं काच गुंडाळायची. क्षणभर थांबलं की काच ओघळते आणि मण्याला खाली पोट सुटतं. घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो. "फिरवा." फोन वाजतो. "फिरवा की ओ!" नाक खाजवायची इच्छा माणसाला दिवसभर होत नाही, ती नेमकी इथं होते. माझा डावा हात फिरायला लागला की उजवाही आपोआप फिरतो, आणि मग मण्याऐवजी जे तयार होतं त्याला मामा नुसतं "हं" म्हणतात.

डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा. काचेतल्या सोडियममुळं ज्योतीत पिवळा झगझगाट उठतो, तो हा चष्मा अडवतो. बाकी रंगांचं काही खरं नाही. निळी घ्या नाहीतर हिरवी, तापली की केशरी. त्याहून लबाडी म्हणजे लाली ओसरली की पोळणारी काच आणि गार काच दिसायला सारखीच. हे ज्ञान मी बोटांनी मिळवलं.

एवढं करून मणी हातात येत नाहीच. बाहेरून गार आणि आतून गरम राहिला तर पोटात ताण धरतो आणि पुढं कधीतरी आपणहून 'टक्' करून दुभंगतो. म्हणून विजेच्या भट्टीत साधारण ५०० अंशांवर मुरवून तासन्‌तास हळूहळू गार करायचा. वळवाचा वारा सुटला की लाईट जाते. मग मामा भट्टीच्या दारापुढं खुर्ची टाकून बसतात, कुणी उघडून बघू नये म्हणून. हे 'कुणी' म्हणजे मीच.

तेरला मावशीकडं गेलो, तेव्हा थोडे मणी खिशात टाकून नेले. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळातली मोठी पेठ. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळचे मणी आहेत. मी काचेला नाक लावून बघितलं. बारीक, घोटीव, एक झाकावा आणि दुसरा काढावा असे. त्यांच्याकडं गॅस नव्हता, डिडिमियम नव्हतं, आणि उन्हाळा बहुतेक हाच होता. खिशातला हात मी खिशातच ठेवला.

मावशीनं मात्र मणी तळहातावर घेऊन निरखले.

"किती पैसे भरलास याला?"

सांगितलं. बाजारात तेवढ्यात किती माळा येतील याचा तिनं मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालू. आपल्या दोन जोड्या हायत, चार माळा लागत्याल."

"मावशे, वाकडे आहेत गं."

"असू दे की. बैल काय आरशात बघायलाय?"

मामांना येऊन सांगितलं. ते पहिल्यांदाच खूश दिसले. त्यांनी फळीवरून दुप्पट जाडीची सळई काढून दिली. बैलाच्या माळेचा दोरा जाड असतो, भोक मोठं हवं. भोक मोठं म्हणजे काच जास्त, आणि काच जास्त म्हणजे ज्योतीपुढं बैठक लांब. श्रावणातल्या अमावास्येपर्यंत चार माळा द्यायच्यात. मावशीचा परवाच फोन आला होता: शेजाऱ्यांचीही एक जोडी आहे.