‘ओटीपी दिला नाही तर रुपयाही जात नाही’ या मेसेजबद्दल

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय: ऑनलाइन फसवणूक लोभी आणि अडाणी माणसांचीच होते. ओटीपी दिला नाही तर तुमचा रुपयाही कुणी काढू शकत नाही. गेलेला पैसा परत येत नसतो, तक्रारीत वेळ घालवू नका. आणि शेवटी, विद्यापीठांनी यावर संशोधन करणं म्हणजे करदात्यांच्या पैशांची उधळपट्टी. चोर पकडणं पोलिसांचं काम, प्राध्यापकांनी कागद काळे करून काय होणार?

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सात-आठ टॉवेल कारखान्यांचे हिशेब लिहितो. अशाच समजुतींमुळे एका माणसाचं नुकसान वाढलेलं मी पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘लोभी आणि अडाणी.’ आमच्या एका कारखानदाराला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. बी.कॉम. झालेले, कुणाचं देणं आठवडाभरही अंगावर न ठेवणारे. २०२३ च्या दिवाळीनंतर त्यांना नेहमीच्या सूत व्यापाऱ्याचं बिल मेलवर आलं. तेच लेटरहेड, तोच जीएसटी नंबर, सुताचा काउंट आणि पोत्यांची संख्यासुद्धा बरोबर. खाली एक ओळ जादा होती: आमचं खातं बदललं आहे, रक्कम नव्या खात्यावर पाठवावी. अण्णांनी ४ लाख ६० हजारांचं आरटीजीएस केलं. सहाव्या दिवशी खऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला, “अण्णा, यावेळी उशीर झाला?” तेव्हा मी तो मेल मोठा करून पाहिला. पत्त्यात जिथे इंग्रजी ‘एम’ हवा होता, तिथे ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसवले होते. मोबाइलवर फरक दिसत नाही. मला तर दहा मिनिटं लागली.

यात लोभ कुठे आला? देणं वेळेवर देणारा म्हणून हा माणूस फसला. आणि शिक्षणाचं म्हणाल तर वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून २०२४ मध्ये ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेची, भीती घालून ७ कोटी रुपये घेतले गेले. व्हिडिओ कॉलवर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी उभी केली होती. पद्मभूषण मिळालेल्या माणसाला अडाणी म्हणायचं का?

‘ओटीपी दिला नाही तर रुपयाही जात नाही.’ अण्णांकडे कुणी ओटीपी मागितलाच नव्हता. पैसे त्यांनी स्वतःच, व्यापाऱ्याच्या नावावर पाठवले. पण तेव्हा यंत्रणा नाव जुळवत नव्हती, खाते क्रमांकावर पैसे जमा व्हायचे. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय आरटीजीएस आणि एनईएफटीला १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं. ब्रिटनमध्ये अशी नाव-तपासणी २०२० मध्येच सुरू झाली होती. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेले, तेही खातेदारांनी ओटीपी दिल्यामुळे नाही; बँकेच्या यंत्रणेत घुसून, बहुतेक रक्कम बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. आधारवर अंगठा लावून पैसे काढण्याच्या सोयीत तर ओटीपी लागतच नाही, आणि जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून खाती रिकामी केल्याची प्रकरणं देशात झाली आहेत.

‘पैसा परत येत नसतो.’ बहुतेक वेळा सगळा येत नाही, हे खरं. २०२४ या एका वर्षात देशात २२,८४५ कोटी रुपये गेले. पण सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात. २०२१ पासून जुलै २०२५ पर्यंत असे ५,४८९ कोटींहून जास्त वाचले, असं सरकारने लोकसभेत सांगितलं. शिवाय रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे: तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. अण्णांना मात्र शेजारच्या कारखानदाराने हेच सांगितलं होतं, “काही उपयोग नाही, गेले ते गेले.” ते दोन दिवस घरी बसून राहिले. जेवणावरचं लक्ष उडालेलं. मी जबरदस्तीने फोन करायला लावला तेव्हा ३८ हजार गोठले. बाकीचे पुढे गेले होते.

आता विद्यापीठांचं, कारण मला सगळ्यात जास्त याच वाक्याचा राग आला. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी इतरांसोबत मिळून स्पॅम मेलमधून विकला जाणारा माल स्वतः विकत घेऊन पाहिला. मेल लाखो, वेबसाइट हजारो; पण ९५ टक्क्यांहून जास्त मालाचे पैसे फक्त तीन बँकांमार्फत फिरत होते. हजारो वेबसाइटच्या मागे धावण्यापेक्षा त्या तीन दारांवर उभं राहणं सोपं, हे त्या अभ्यासातून कळलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या संशोधक कॅसँड्रा क्रॉस यांनी ज्येष्ठांच्या मुलाखती घेतल्या. ‘तुझाच लोभ’ म्हणतील या धास्तीने माणसं घरच्यांनाही सांगत नाहीत, हे त्यात पुढे आलं. अण्णांनी वहिनींना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

आणि अभ्यासाशिवाय गुन्हेगार ठरवले की काय होतं, हे सोलापूरला माहीत आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली जन्मावरून माणसांना कुंपणाआड ठेवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला गेला, पण त्या कुंपणातल्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव आपल्या शहरात अजून आहे. आज फसवणुकीचा पैसा भाड्याच्या खात्यांतून फिरतो. पाच-दहा हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन बसलेला पोरगा पहिला पकडला जातो, कारण नाव त्याचं असतं. खातं मागायला कोण आलं, काय सांगून आलं, तो पोरगा हो का म्हणाला, हे एफआयआरमध्ये सहसा येत नाही. ते त्याच्या घरी बसून विचारावं लागतं.

आकड्यांचंही तसंच. २०२२ मध्ये सायबर तक्रारींच्या राष्ट्रीय पोर्टलवर १० लाखांवर तक्रारी गेल्या; त्याच वर्षीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात सायबर गुन्हे ६५,८९३. पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप गुन्हा नोंद नव्हे. अण्णांची तक्रारही तक्रारच राहिली. ही दरी किती, कुणाची, का, हे मोजायचं काम ठाण्यावरच्या हवालदाराचं आहे का? एका जिल्ह्यासाठी २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळालेलं आपलं शहर आहे. यंत्रमाग, विडी, सूत बाजार, पतसंस्था, सगळं केगावच्या विद्यापीठापासून तासाभरात गाठता येतं. कॉमर्सच्या आणि समाजशास्त्राच्या मुलांनी या गल्ल्यांत वही घेऊन फिरावं, असं मला मनापासून वाटतं.

अण्णांना मी विचारलं. नाव छापणार नसाल तर मुलांना बसवून सगळं सांगतो म्हणाले, पहिल्या मेलपासून. ते बिल, त्याची प्रिंट आणि १९३० चा तक्रार क्रमांक माझ्या टेबलाच्या खणात एका फायलीत आहे.