औरंगजेबाचा डावा पाय

सकाळपासून डोकं फिरलंय. काल रात्री आमच्या नाट्यमंडळाची मीटिंग होती, जत्रेच्या नाटकाआधी यंदा सत्कार कुणाचा. मी काकांचं नाव घेतलं तर एकजण हसत म्हणतो, "फुटबॉलवाल्याचो सत्कार स्टेजीर कित्याक? खेळाचं खातं वेगळं, कलेचं वेगळं."

खातं! कला म्हणजे काय सरकारी फाईल?

भात कापून झालं की आमच्याकडे शेतातच मॅच, धसकटं पायाला टोचायची, बांध म्हणजे टचलाईन. काका लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने हल्ला करणारे. एकदा गोलकीपर बाहेर आलेला, गोल मोकळा, सगळं शेत ओरडतंय मार मार, आणि काकांनी बॉल पायाच्या तळव्याखाली धरला नि थांबले. अर्धा सेकंद असेल. समोरचा बॅक, म्हणजे बचाव करणारा, घसरत आला तो तसाच पुढे निघून गेला, मग काकांनी बॉल हळूच आत सरकवला. आधी कुणाच्या तोंडून आवाजच फुटेना.

आणि हाच माणूस जत्रेत रात्री दोनला औरंगजेब. संभाजी कितीही गरजला तरी लगेच उत्तर नाही, जपमाळेचा एक मणी ओढायचे, बस्स. मंडपात पेंगणारी पोरं ताठ बसायची. शेतातलं थांबणं आणि हे थांबणं वेगळं कुठे होतं सांगा ना!

आता म्हणाल नाटकात मेलेला संभाजी सकाळी चहाला येतो, मॅच हरली की हरली, आणि खेळात शेवटी गोल मारायचाच असतो. बरं, मान्य. पण १९१२ ते १९४८ ऑलिंपिकमध्ये चित्र, शिल्प, संगीत, साहित्य, वास्तुकला सगळ्याला मेडलं होती. हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशने १८९६ ला अथेन्समध्ये पोहण्यात दोन गोल्ड घेतली आणि १९२४ ला पॅरिसमध्ये स्टेडियमच्या डिझाईनला सिल्व्हर. त्याची फाईल कुठल्या खात्यात पाठवणार होता? (पुढे ती मेडलं बंद केली, तिथेही कुणीतरी मीटिंग घेतली असणार.)

जाऊ दे. तो एकजणही वाईट नाही, इतकी वर्षं पडदा तोच ओढतोय, काकांच्या एन्ट्रीला मुद्दाम सावकाश ओढायचा हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून तर जास्त लागलं.

दुपारी काकांकडे गेलो. गुडघ्याला तेल चोळत बसलेले. सगळं ऐकून घेतलं, सत्काराबद्दल एक शब्द नाही. विचारलं, "यंदा औरंगजेब कोण करता रे? ताका सांग, मणी घाईत ओढू नको."

शाल नि नारळ मी माझ्या पैशाने आणतोय. नाटकाच्या आधी स्टेजच्या पायऱ्यांखाली उभा असेन, ज्याला यायचंय त्याने या.