गावात नेट आलेलं आहे, उगाच बोंब मारू नका

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, तुमच्या गावात हायस्पीड इंटरनेट आलेलं आहे. तुम्हाला ते मिळत नाही, मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरतंय, हा तुमचा खाजगी प्रश्न झाला. केंद्राच्या भारतनेट योजनेच्या हिशेबात देशातल्या 2 लाख 14 हजारांवर ग्रामपंचायती 'सर्व्हिस रेडी', म्हणजे नेट द्यायला तयार, आहेत आणि त्यात तुमचीही असणारच. विश्वास बसत नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन बघून या. ग्रामसेवक भेटले तर (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पदाचं नाव बदललंय, गळ्यात गावं तेवढीच) त्यांना कपाट उघडायला सांगा, आत जुन्या रजिस्टरांच्या मागे एक डबा दिसेल, त्यातून बारीकशी वायर भिंतीत गेलेली असेल. तेच ते. नमस्कार करा आणि घरी या. डब्यावरचा दिवा पेटलेला नाही म्हणून तोंड वाकडं करू नका, दिवा पेटायला लाईट लागते आणि लाईट हे वेगळं खातं आहे. आणि तो डबा तुमच्या घरी यावा असं कुणी म्हटलंच नव्हतं हो, पंचायतीच्या भिंतीपर्यंत वायर आली की गाव जोडलं गेलं, यादीत टिक पडली, पुढचं अर्धा किलोमीटर तुमचं तुम्ही बघायचं.

दुसरं म्हणजे थोडा धीर धरायला शिका. आत्ता कुठे सुरुवात झालीय. 2011 च्या ऑक्टोबरात केंद्राने या योजनेला मंजुरी दिली तेव्हा अंदाज होता वीस हजार कोटींचा आणि मुदत होती दोन वर्षांची, की अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या. तेव्हा योजनेचं नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क, मग सरकार बदललं, नाव भारतनेट झालं, आणि पहिल्या एक लाख ग्रामपंचायती झाल्या असं जाहीर व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. मग 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून सांगितलं की सहा लाख गावं, एक हजार दिवस. आता हे हजार दिवस मे 2023 मध्ये भरतात, पण असं कॅलेंडर घेऊन बसू नये, चांगलं दिसत नाही. त्याऐवजी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काय झालं ते बघा, सुधारित योजना मंजूर झाली, 1 लाख 39 हजार 579 कोटींची! गावातलं बाकी काही हायस्पीड नसेल पण आकडा आहे की नाही? आणि हे पैसे कुणी तुमच्यावर उपकार म्हणून देतंय असं समजू नका, टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईतले 5 टक्के गावाकडच्या सेवेसाठी बाजूला काढायचे अशी सोय 2002 पासून आहे, आणि कंपन्यांची कमाई म्हणजे कोण, तर तुम्हीच, टेकडीवर उभं राहून रिचार्ज मारणारे. त्या फंडाचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. नावांच्या बाबतीत आपल्याकडे कधी काम अडलेलं नाही.

बरं, नेट आलंय तर चालत का नाही असं तुमच्या पोरांनी विचारलं तर त्यांना नीट समजावून सांगा. जुन्या पद्धतीत फायबर तालुक्यावरून निघायचा आणि एका गावातून पुढच्या गावात, तिथून पुढच्या, असा सरळ जायचा, दिवाळीच्या जुन्या माळेसारखा, मधला एक बल्ब गेला की पुढचे सगळे अंधारात. आणि मधला बल्ब जातोच, कारण रस्त्याच्या कडेला दगड रोवून त्यावर 'खाली केबल आहे, खोदू नये' लिहिलेलं असतं आणि जेसीबी नेमका तिथेच खोदतो, कधी रुंदीकरणासाठी, कधी पाण्याच्या पाइपलाइनसाठी, कधी पाइपलाइन फुटली म्हणून. एका खात्याने पुरायचं आणि दुसऱ्याने उकरायचं, यातून ग्रामीण भागात रोजगार निर्माण होतो हे विसरू नका. यावरही उपाय निघालेला आहे, 2023 च्या मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप आलं, खोदणाऱ्याने खोदण्याआधी अ‍ॅपवर कळवायचं म्हणजे केबलवाल्याला निरोप जातो. तुमच्या जेसीबीवाल्या दादाला हे अ‍ॅप डाउनलोड करायला सांगा. रेंज नसेल तर आधी खोदू दे, मग रेंजमध्ये आल्यावर कळवू दे. नव्या योजनेत माळेऐवजी रिंग करणार आहेत, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहील, तेव्हा जेसीबीवाल्यांनीही आता दोन्ही बाजूंचा विचार करायला हवा.

तोपर्यंत तुम्ही ऑनलाइन व्हा. हे मात्र लगेच व्हायचं, यात सबब चालणार नाही, नेटला चौदा वर्षं लागली तरी चालतील पण तुमच्याकडून उद्या सकाळी अपलोड झालं पाहिजे. रोहयोच्या कामावर असाल तर 2023 पासून अ‍ॅपवर हजेरी आहे, दिवसातून दोन वेळा फोटो. दिवसभर माती उपसली त्याला पुरावा नाही, फोटो वर गेला नाही तर माती उपसलीच नाही. शेतकरी असाल तर ई-पीक पाहणी, बांधावर उभं राहून उसाचा फोटो काढा, काढायला रेंज लागत नाही, चढवायला लागते, म्हणून तो फोटो खिशात घेऊन फाट्यापर्यंत फिरायला न्यायचा. लाडक्या बहिणीने ई-केवायसी करायची, आणि तिच्या एकटीच्या आधारवर भागत नाही, नवऱ्याचं नाहीतर वडिलांचंही लागतं, नवरा पुण्यात कंपनीत शिफ्टला, ओटीपी त्याच्या मोबाईलवर, तो सुपरवायझरची नजर चुकवून सांगणार, ही इकडे आंब्याच्या झाडाखाली एका कानात बोट घालून ऐकणार, तेवढ्यात टाइम आउट. पुन्हा करा. यातून नवराबायकोचं बोलणं वाढतं, कोणती योजना एवढं करते सांगा. रेशनचं तर तुम्हाला माहीतच आहे, दुकानदार मशीन घेऊन ओट्यावर चढतो, मग खुर्चीवर चढतो, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा धरून वर ओढतो, सर्व्हर डाऊन. आणि अंगणवाडीच्या ताईंनी 2021 मध्ये सरकारने दिलेले मोबाईल निकृष्ट आहेत म्हणून परत केले होते, आंदोलन करून. असा हट्टीपणा तुम्ही करू नका.

धंदा करत असाल तर तुम्हाला वेगळा सल्ला. क्यूआर कोड लावा, लावलाच पाहिजे, शहरातले पाहुणे सुट्टे पैसे ठेवत नाहीत, पण शेजारी जुनी उधारीची वही पण ठेवा आणि पेमेंट 'पेंडिंग' दिसलं की त्या वहीत लिहा. कोकणात होमस्टे काढला असेल तर जाहिरातीत 'वायफाय आहे' लिहू नका, 'मोबाईलपासून दूर, निवांत' असं लिहा आणि खोलीमागे पाचशे रुपये जास्त घ्या. ज्याच्या घरात खरंच बऱ्यापैकी नेट आहे त्याने तर लगेच फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकावं, तालुक्याला बघा, झेरॉक्स, फोटो, फॉर्म भरणे, पासवर्ड विसरल्यास वेगळे पैसे. सगळ्या घरांत नेट पोचलं तर या माणसाने खायचं काय?

मी एक मनापासूनचा सल्ला देतो, तुमच्या भागातला तो केबलवाला पोरगा असेल ना, जो बाईकवर वायरचं भेंडोळं अडकवून फिरतो, त्याच्यापासून सावध राहा. खरंखुरं नेट घरात आणून देणारा बहुतेक तोच असतो, म्हणजे पाऊस असला तरी रात्री वायर जोडायला येतो, महिन्याचे पैसे दोन हप्त्यांत घेतो, म्हणून त्याला जितका त्रास देता येईल तितका द्यायचा. खांबावरून वायर न्यायची तर वीज कंपनीला विचार, रस्त्याकडेने न्यायची तर बांधकाम खात्याला आणि जिल्हा परिषदेला विचार, मधे झाडी असेल तर वनखात्याला विचार, आणि शेवटी ज्याच्या बांधावरून वायर जाते तो भाऊबंद आहेच. राइट ऑफ वेचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून वायर न्यायच्या परवानगीचे, नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेत, परवानगी ऑनलाइन आणि ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी असं त्यात आहे, पण नियम कागदावर असतात आणि वायर बांधावर असते, त्यामुळे तुम्ही घाबरू नका. पंचायतीतल्या त्या डब्यापासून घराघरात वायर न्यायचं काम अशाच पोरांना द्यायचं, मिळकतीत वाटा द्यायचा, ही सोयही योजनेत आहे. पोराला ती माहीत नसेल तर राहू द्या.

कधी तुमचं गाव 'डिजिटल गाव' म्हणून निवडलं गेलं तर मात्र खबरदारी घ्या. मेळघाटातल्या हरिसालचं काय झालं आठवतंय ना, देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला, मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी सोबत होती, आणि 2019 च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत तिथे काय चालत नाही ते भर सभेत दाखवलं, मग सत्ताधाऱ्यांनीही आपली बाजू मांडली, मग सगळ्या महाराष्ट्राने दोन्हीकडचे व्हिडिओ पाहिले. हरिसालमध्ये ते बफर झाले का नाही कोण जाणे. तेव्हा असा मान मिळाला तर शाळेतला एक कॉम्प्युटर पुसून ठेवा आणि कॅमेरासमोर बसवायचं पोरगं आधीच ठरवून ठेवा.

स्पीडबद्दल पण अपेक्षा जरा आवरा. 2023 पर्यंत आपल्याकडे 512 केबीपीएस मिळालं तरी त्याला ब्रॉडबँड म्हणायची सरकारी मुभा होती, आता किमान 2 एमबीपीएस, म्हणजे साधारण चौपट, पाहिजे. एवढ्यात पोराचं ऑनलाइन लेक्चर चाललं पाहिजे, आणि चाललं नाही तर लॉकडाऊनमध्ये कोकणातली पोरं डोंगरावर झोपडी बांधून शिकलीच की. पेपरात फोटो आले, सगळ्यांनी जिद्दीचं कौतुक केलं. कौतुकाला काही बँडविड्थ लागत नाही.

आणि आता तर खोदायचंच काम राहिलेलं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने इलॉन मस्कच्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्र केलं, उपग्रहावरून नेट, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांसाठी. फायबर जमिनीखाली होता तेव्हा दिसत नव्हता, आता आकाशात आहे. तुमचं गाव त्यात यावं असं वाटत असेल तर ग्रामसभेत रीतसर ठराव करा, सूचक अनुमोदक सगळं नीट लिहा, आणि ग्रामसभेचा व्हिडिओ चढवायला केंद्राचं 'निर्णय' नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर तेवढा अपलोड करून टाका.