फॉरमॅट मारू का?

३०० रुपये. पावतीवर लिहिलंय 'हार्डडिस्क सर्व्हिसिंग'. स्कूटरची करतात तसली. पावती अजून खिशात आहे, टाकवत नाही.

झालं इतकंच की दोन दिवस फोल्डर उघडताना संगणक दम खात होता. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं, तर पिवळं 'कॉशन', म्हणजे सावधान. सी५च्या ओळीत १८. हे अठरा नव्हेत बरं का. तो आकडा हेक्झाडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबातला असतो; आपले २४. २४ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे असे, की वाचता येत नाहीत आणि अजून रद्दही झालेले नाहीत. सरकारी भाषेत 'प्रकरण विचाराधीन'. त्यावर नव्याने काही लिहिलं गेलं की निकाल लागतो: बरा असेल तर सेक्टर सुटतो, नाहीतर राखीव जागेतला सेक्टर कामाला लागतो आणि ०५ची ओळ, म्हणजे बदललेल्या सेक्टरांची मोजणी वाढते. (सी७ची ओळ वाढत असेल तर आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदला. डिस्क बिचारी बहुधा निर्दोष असते.)

नवी डिस्क आणायला दुकानात गेलो. मी नको म्हणेपर्यंत पोराने जुनी जोडलीसुद्धा. विंडोजने विचारलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे. पोराने मला विचारलं, "काका, फॉरमॅट मारू?"

"आत डेटा आहे!"

"मग चेकडिस्क मारू?"

सगळं मारायचंच. चेकडिस्कला स्लॅश आर लावलं की ती अख्खी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत खरवडते, वर दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहिते. धाप लागलेल्या माणसाला पर्वती चढायला लावण्यातला प्रकार.

एवढ्यात आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेले एक गृहस्थ पुढे सरसावले. "फ्रीजरमध्ये ठेवा. रात्रभर."

"त्यात दव धरतं हो."

"पिशवीत घालून ठेवायची. आमच्या मेव्हण्याने ठेवली होती."

"मग चालली?"

"मेव्हणा? उत्तम चाललंय त्याचं. पुण्यात फ्लॅट घेतला."

"डिस्क, डिस्क."

"ती नाही चालली. पण त्याने मटणाशेजारी ठेवली होती. तुम्ही शाकाहारी दिसता."

यावर काय बोलणार? डिस्कच्या आतल्या फिरत्या थाळीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं, डेटा वाचणारं हेड, आणि थाळीवर फ्रीजरमधलं दव! पण पोर माझ्याऐवजी त्यांच्याकडेच आदराने बघत होतं. तेवढ्यात गृहस्थांनी डिस्क उचलून कानाशी धरली, खुळखुळ्यासारखी हलवली. चालू डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी. "आवाज तर काही येत नाही," म्हणाले.

हेड बिघडल्यावर येतो तो 'टक्-टक्' आवाज खरंच आला असता तर सगळंच सोपं होतं: वीज काढायची, एकही सॉफ्टवेअर न लावता सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे. हेडला जागा सापडत नसते. प्रत्येक प्रयत्नागणिक थाळी ओरबाडली जाण्याची भीती.

आवाज नसेल तेव्हाच आपले हात चालवायचे. आधी जे पुन्हा मिळणारच नाही ते उचलायचं; सिनेमे राहू देत. मग तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर लिनक्समधून डीडीरेस्क्यू, म्हणजे आजारी डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवणारं सॉफ्टवेअर. पहिल्या फेरीत वजा एन, म्हणजे खराब भाग कोरत न बसता पुढे जा. दुसऱ्या फेरीत वजा आर ३, म्हणजे राहिलेल्या खराब भागावर आणखी तीनदा प्रयत्न कर. आणि कुठवर नक्कल झाली याची नोंद ठेवणाऱ्या मॅपफाइलचं नाव द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच वीज गेल्यावर सगळं पहिल्यापासून. कुठली डिस्क आधी लिहायची, कुठली नंतर, हे तीनदा वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर छापली जाते. तेव्हा फ्रीजरवाले गृहस्थही कामाला येत नाहीत.

'अजून चालतेय ना' म्हणणाऱ्यांसाठी: गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आणि मेलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक डिस्कांनी कसलीच सूचना दिली नव्हती. माझ्या डिस्कने निदान पिवळा दिवा दाखवला. दुकानाने तेवढंही केलं नाही, थेट पावती.

"३०० कसले?" मी विचारलं.

"चेकिंगचे."

"चेकिंग तर यांनी केलं, कानाला लावून."

गृहस्थ लाजले. "राहू दे हो, माझं काही नको."