हात झटकण्याचं शास्त्र

नाशिकच्या कॉलेज रोडवर चहा ढोसत पीएचडीचा विषय शोधताय ना? विषय कुठलाही घ्या, पण ‘विज्ञान तटस्थ असतं’ हे वाक्य आजच पाठ करा. गाईडपेक्षा तेच जास्त कामाला येतं.

टेबलावर थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरचा फोटो लावा. पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती याचीच, १९२१ ची. कारखान्यातले कामगार भ्रमिष्ट होऊन मरू लागले, तेव्हा १९२४ मध्ये गड्याने पत्रकारांना बोलावलं, ते शिशाचं द्रावण हातांवर ओतून घेतलं आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. रोज केलं तरी काही होत नाही, म्हणाला. आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे स्वतःच फ्लोरिडाला विश्रांतीला गेला होता, तेवढं सांगायचं राहून गेलं. आपल्याकडे शिसं पेट्रोलमधून हद्दपार व्हायला २००० साल उजाडलं. तोवर द्वारका सर्कलला अडकलेल्या तुमच्या वडिलांनीही ते पुष्कळ हुंगलं, तेही पत्रकार परिषद न घेता.

घरचं उदाहरण हवं असेल तर अंजनेरीला जा आणि कड्यावर गिधाडं मोजा. डायक्लोफेनॅक हे साधं वेदनाशामक. ते जनावरांना टोचलं, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपल्यावर २००४ मध्ये कारण समोर आलं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. औषध शोधणाऱ्याला गिधाड कसं सुचणार, हे मलाही मान्य आहे. पण कळल्यानंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या. त्या बंद व्हायला २०१५ उजाडलं. कळणं आणि थांबणं यांत असं ऐसपैस अंतर ठेवायचं असतं. आता हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मुद्दाम मेलेली जनावरं ठेवतात. दोष कुणाचा? शोधणारा सुटला, विकणारा सुटला, टोचणारा सुटला. राहिलं गिधाड. त्याने जेवायच्या आधी चौकशी करायला नको होती का?

फवारणीच्या औषधावर काम करणार असाल तर लेबल सोडू नका. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहा: हातमोजे घाला, मास्क लावा. निफाडच्या द्राक्षबागेत तोंडाला उपरणं गुंडाळून ब्लोअर चालवणाऱ्या गड्याने ते वाचलं नाही, तर तुम्ही काय करणार?

आणि जोसेफ रोटब्लाट या भौतिकशास्त्रज्ञाच्या नादी मुळीच लागू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रकल्पात चांगला चिकटला होता. जर्मनीला बॉम्ब जमणार नाही हे कळलं, तसा १९४४ च्या अखेरीस काम सोडून निघाला. वर हेर असल्याचा संशय पदरी पडला. शांततेचं नोबेल मिळालं १९९५ मध्ये. उलट जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर पाहा. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या इप्रच्या आघाडीवर क्लोरीनचा विषारी वायू सोडण्यात पुढे, आणि रसायनाचं नोबेल १९१८ चं. त्या विषारी वायूसाठी नव्हे हो, अमोनिया बनवण्याच्या युक्तीसाठी. नोबेलवाल्यांनाही कप्पे करता येतात.

नोबेलपर्यंत हाबरला तीन वर्षं, रोटब्लाटला एक्कावन्न. तुमची फेलोशिप पाच वर्षांची. हिशेब तुम्हीच करा.