ठाण्याची खाडी ही दोन भूपट्टांमधली फट नव्हे

गेले काही दिवस सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सोबत ऐरोली पुलाच्या सांध्याचा फोटो: दातेरी पोलादी पट्टी, मधे बोटभर फट. म्हणे खाडी ही दोन भूपट्टांमधली, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन अजस्र सरकत्या तुकड्यांमधली, भेग. ठाणे एकावर, नवी मुंबई दुसऱ्यावर. दोन्ही खालच्या लाव्हावर तरंगत वर्षाला ५ सेंटिमीटर लांब जातायत. आणि पुरावा? गणेशपुरीचं गरम पाणी. आमच्या मजल्यावरच्या काकांनी ऐरोलीतला फ्लॅट काढून टाकायची भाषा सुरू केली आहे.

आधी फोटो. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. उन्हाने पूल फुगतो, गारव्याने आक्रसतो. त्याला जागा दिली नाही तर काँक्रीट तडकेल. चाकाखाली रोज जे खटक-खटक वाजतं ते हेच.

५ सेंटिमीटरचा आकडा मात्र साधारण खरा आहे, आणि अशा मेसेजांत एक खरा आकडा पेरलेला असतोच. भारतीय भूपट्ट जवळपास त्याच वेगाने ईशान्येकडे सरकतो. पण अख्खा: ठाणे, ऐरोली, फ्लेमिंगो आणि काका, सगळे एकदम. मानखुर्द-वाशी लोकल १९९२ पासून खाडी ओलांडतेय. दोन्ही काठ खरंच दुरावत असते तर ३० वर्षांत दीड मीटर फट पडली असती, जवळजवळ दोन रुळांमधल्या अंतराएवढी. हार्बरवाल्यांच्या ती नजरेतून सुटली नसती! या पट्टाच्या खऱ्या कडा उत्तरेला हिमालयात आणि पश्चिमेला अरबी समुद्रात, इथून हजार किलोमीटरहून लांब.

भूपट्ट लाव्हावर तरंगतात हे तर शिकलेली माणसंही सांगतात. पण तसं नाही. एस-लहरी हा भूकंपाच्या लहरींचा एक प्रकार, आणि त्या द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, त्या आरपार जातात आणि सुमारे २,९०० किलोमीटर खोल, द्रवरूप बाह्य गाभ्याशी अडतात. म्हणजे प्रावरण घन खडकाचंच. तापलेलं असल्याने लाखो वर्षांच्या हिशेबात सावकाश वाहतं, एवढंच.

बरं, इथे कधी काही फाटलंच नाही का? फाटलं ना. पनवेलच्या बाजूला डोंगर कापलेला दिसला तर नीट बघा: काळ्या पाषाणाचे थर आडवे नाहीत, समुद्राकडे कललेत. भूवैज्ञानिक याला पनवेल फ्लेक्शर, म्हणजे पनवेलचा बाक, म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला गेला, त्यानंतर सेशेल्सचा (आज हिंदी महासागरातली बेटं) तुकडा भारतापासून तुटला, आणि त्या ओढाताणीत किनारा वाकला. त्या काळचे जुने फॉल्ट, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगा, आजही इथल्या खडकात आहेत. पण फॉल्ट म्हणजे भूपट्टाची कड नव्हे, आणि ती फाटाफूट केव्हाच संपली.

गणेशपुरीचं पाणी अशाच भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि वर येतं. ज्वालामुखीचा संबंध नाही.

कडेपासून लांब म्हणजे भूकंप नाही, असंही नाही. कोयना १९६७, किल्लारी १९९३ हे भूपट्टाच्या पोटातलेच. २००१ साली भूज हादरलं तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत, खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या कितीतरी इमारती बसल्या. आमच्याही इमारतीखाली तसंच पार्किंग आहे. काकांची गाडी तिथेच उभी असते. पण स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला की वर्गणीवरून पहिला आवाज त्यांचाच.