डबे दोन, कप्पा एक

दादाच्या सोसायटीत गेले दोन महिने खतखड्ड्यावरून भांडण चाललंय. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचं खत करायचं की नाही, एवढाच विषय. पण मीटिंग आटोपली की नाशिकहून मला फोन येतो, कारण मी जर्मनीत स्टुटगार्टला राहते आणि त्यामुळे कचऱ्यातली जाणकार ठरते. "तू सांग ना तिकडचं. आपल्या लोकांना शिस्तच नाही," हे दादाचं ठरलेलं वाक्य. तळमजल्यावरचे काका म्हणतात, घरपट्टी भरतो ना, मग खड्डा आम्ही का राखायचा?

तर तिकडचं सांगते. इथे आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मी केळ्याची सालं आणि चहाचा चोथा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकत होते. सवय नाशिकची, पिशवीला गाठ मारली की कचरा सभ्य होतो अशी. एका सकाळी गाडी आली, आमच्या इमारतीचा डबा तसाच ठेवला, त्यावर एक चिठ्ठी अडकवली आणि निघून गेली. डबा सहा बिऱ्हाडांचा, महिना जुलैचा. पुढच्या फेरीपर्यंत त्यात अळ्या झाल्या. मला कोणी बोललं नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींनी फक्त रबरी हातमोजे आणून दिले, आणि पिशव्या मी एकेक उपसून काढल्या.

याला शिस्त म्हणायचं असेल तर म्हणा. मला तो दिवस आठवला की डबा न उचलण्याची ताकद आठवते. इथे न वर्गीकरण केलेल्या कचऱ्याचा डबा जितका मोठा तितकी फी जास्त, आणि ती भाड्याबरोबर सगळ्यांच्या माथी येते. एकाने घाण केली की सहा घरांचा खिसा हलका होतो. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत आहे, 2003 पासून. त्यामुळे रिकामी बाटली रस्त्यावर सहसा दिसत नाही, आणि दिसलीच तर पेन्शनवर भागत नसलेले आजोबा ती पिशवीत टाकून अनामत परत देणाऱ्या मशीनपाशी नेतात. आपल्याकडच्या कचरावेचक बाईंपेक्षा त्यांचं काम फार वेगळं नाही. लोक मात्र दोघांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

हे सगळं इथल्या माणसांच्या रक्तात होतं असंही नाही. पॅकिंगचा कचरा परत घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा नियम 1991 चा. प्रक्रिया न करता कचरा जमिनीत पुरायला बंदी आली 2005 मध्ये. ओला कचरा वेगळा गोळा करणं देशभर सक्तीचं झालं ते 2015 मध्ये. तरीही तपकिरी डब्यात प्लॅस्टिक सापडत राहिलं, म्हणून मे 2025 पासून त्याचे नियम आणखी कडक केले. माझ्यासारख्या गाठी मारणाऱ्या बऱ्याच असणार.

आता नाशिक. घंटागाडी आपल्याकडे नव्वदीच्या दशकात आली. दाराशी गाडी, रोज, ही चैन इथे नाही. इथल्या बऱ्याच गावांत डबा पंधरा दिवसांनी रिकामा होतो. मे महिन्यात नाशिकला आंब्याच्या कोयी पंधरा दिवस साठवून बघा! आपल्या घरचा कचरा निम्म्याहून जास्त ओलाच असतो, तो रोज जायलाच हवा. म्हणून जर्मनीचं जसंच्या तसं इकडे आणा म्हणणाऱ्यांना मी आधी आमची जुलैतली अळ्यांची गोष्ट सांगते. रद्दीवाला आणि भंगारवाला तर दारात येऊन वर पैसे देतात. दादाला यात काही विशेष वाटत नाही, मला वाटतं.

मग अडतं कुठे? गेल्या डिसेंबरात आईकडे होते. तिच्याकडे दोन डबे आहेत, हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. दुधाच्या पिशव्या ती धुऊन वाळवते. सकाळी घंटा वाजली तशी दोन्ही डबे घेऊन खाली गेली, मी गॅलरीतून बघत होते. गाडीला कप्पे दोन होते. गाडीवरच्या पोराने दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटले. आई वर आली तेव्हा मी म्हटलं, मग धुतेस कशाला? "माझं मी करते," एवढंच म्हणाली. तिच्या शेजारणीने मात्र करणं सोडलंय, आणि मी तिला दोष देऊ शकत नाही. गाडीवरच्या पोरालाही नाही. त्याला एवढी घरं ठरल्या वेळात उरकायची असतात, आणि कप्पा चुकला म्हणून त्याची गाडी कोणी परत पाठवत नाही. इथे चिठ्ठी माझ्या डब्यावर लागली. तिथे ती गाडीवर लावणारं कोणी हवं.

गंमत म्हणजे नाशिकच्या विल्होळीजवळच्या खतप्रकल्पाच्या आवारात जर्मन मदतीतून उभा राहिलेला एक प्रकल्प आहे. हॉटेलांतलं उरलेलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून त्यापासून गॅस, गॅसपासून वीज. रोजची क्षमता 30 टनांची. मिसळीची तर्री त्याला चालते, द्रोणावरचं प्लॅस्टिक चालत नाही. जर्मनीने यंत्र दिलं, पण माझ्या डब्यावरची चिठ्ठी काही त्याच्याबरोबर आली नाही.

खतखड्ड्याचं म्हणाल तर काकांचं मला निम्मं पटतं. घरपट्टी भरली म्हणजे सेवा मिळायलाच हवी. पण 2026 पर्यंत लागू असलेल्या 2016 च्या कचऱ्याच्या नियमांत 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं होतं, आणि दादाची सोसायटी त्यात बसत होती. शिवाय खड्ड्याचा एक फायदा काकांच्या लक्षात आलेला नाही: आवारातल्या खड्ड्यात काय पडलं ते सगळ्यांना दिसतं. तिथे आईसारख्या कुणाचा डबा दुसऱ्याच्या पिशवीत मिसळला तर भांडायला माणूस समोर असेल.

दादाला मी एवढंच सुचवलं, की पुढच्या मीटिंगआधी काकांना स्कूटरवर बसव आणि एक दिवस आपल्या गाडीच्या मागे विल्होळीपर्यंत जाऊन या. कुठे काय उलटतं ते बघा आणि मग खड्ड्यावर मत द्या. तो म्हणाला, काका तयार होतील, पण वाटेत मिसळ खायची अट घालतील.

"द्रोण कुठे टाकतात तेही बघा," मी म्हटलं.